उन्हाळ्याचे आमिष, हिवाळ्याचे पाणी

लाउरी रापाला हा फिनलंडमधला एक गरीब कोळी. १९३६ साली त्याने चांभारी सुरीने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढविला आणि फोटोच्या फिल्मा वितळवून वर रोगण दिले. होडी वल्हवीत हा मासा मागे ओढला, की तो जखमी माशासारखा लटपटे आणि मोठा मासा त्यावर झडप घाली.

पण हिवाळ्यात सरोवर गोठले, की होडी नाही आणि ओढही नाही! बर्फातल्या भोकातून दोरी सरळ खाली सोडायची. आणि बुचाचा मासा तर बुडायलाच तयार नाही. शिवाय तळाचे पाणी जेमतेम ४ अंशांचे. त्यात गारठलेला मासा पाठलाग कशाला करील?

मग उन्हाळ्याचे काहीच चालत नाही म्हणता? चालते की, चमचा चालतो. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएलने १८५२ साली याचे पेटंट घेतले. हा वाकविलेला पत्रा ओढावा लागत नाही, नुसता पडतानाही डुलतो. उचलावा, सोडावा आणि थांबावे. मासा पुष्कळदा थांबल्यावरच धरतो.

पुढे रापालांच्या कारखान्यानेही बर्फासाठी निराळा, जड मासा काढला. त्याची दोरी तोंडाला नव्हे, पाठीला बांधतात; हाताने उचकला, की तो भोकाखाली गिरकी घेतो.