एका गुरुजींची शाळा

पहिली ते चौथीची सगळी मुले एकाच खोलीत आणि एकाच शिक्षकापुढे बसतात, अशा एकशिक्षकी शाळा महाराष्ट्राच्या वाड्या-वस्त्यांवर आजही आहेत. त्यांच्याकडे उणीव म्हणून पाहिले जाते, पण गावातल्या शाळेचे मूळ रूप हेच आहे.

पेशवाईच्या अखेरीस पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्याच्या पडवीत भरे. तिथे इयत्ता नव्हत्या. नवा मुलगा धूळपाटीवर अक्षरे गिरवी, शेजारचा मोडीचा कित्ता घेऊन बसे, आणि थोरली मुले धाकट्यांकडून पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे सुरात म्हणवून घेत. अशीच रीत मद्रासकडेही होती. तिथल्या अनाथाश्रमात स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेलने वाळूत अक्षरे गिरवण्याची ही देशी रीत उचलली, तिला मुलांनीच मुलांना शिकवण्याची जोड दिली आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. ही पद्धत पुढे इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत रुजली. पंतोजींच्या शाळेत मुलींना आणि अस्पृश्य मुलांना मात्र जागा नव्हती. तिचे गुण सांगताना हे विसरता येत नाही.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. छापील क्रमिक पुस्तके, ठरलेल्या इयत्ता आणि शाळा तपासणाऱ्या डेप्युटींची वार्षिक परीक्षा आली. शिक्षक एकच राहिला, पण आता त्याला प्रत्येक इयत्तेचा अभ्यास वेगवेगळा पुरा करून दाखवावा लागे. एकट्या शिक्षकाची अडचण खरी तिथून सुरू झाली. शेतसाऱ्यावरच्या लोकल फंडाचा काही भाग या शाळांसाठी असे. तरी शेतकऱ्यांच्या करातून उभा राहणारा सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मांडली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहिती द्यावी, ही त्यांची मागणी खेड्यातल्या शाळेचा बारकाईने केलेला विचार होता.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने सातारा भागात शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या व दोन शिक्षक देण्याचे ठरवले. तरी डोंगरकपारीतले पाडे, धनगरवाडे आणि शेतातल्या वस्त्या बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. जवळपासच्याच तरुण-तरुणींनी तुटपुंज्या मानधनावर त्या वर्षानुवर्षे चालवल्या. त्यांना नियमित शिक्षकाचा दर्जा मिळायला २०१४ उजाडले, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता.

आजही एकशिक्षकी शाळेत परिपाठ झाला की शिक्षक चौथीला फळ्यावर भागाकार घालून देतो, तिसरीला धडा वाचायला बसवतो आणि स्वतः पहिलीच्या मुलांजवळ जमिनीवर बसतो. दुसरीचे वाचन चौथीतली एखादी मुलगी घेते. याला आता बहुवर्ग अध्यापन म्हणतात. धाकट्यांच्या कानावर वरच्या इयत्तेचे पाढे आपोआप पडतात, हा त्याचा मोठा लाभ. पण हजेरी, पोषण आहाराची नोंद आणि केंद्रावरची बैठकही त्याच शिक्षकाकडे असते. तो बैठकीला गेला की शाळा उघडी ठेवायला कुणी नसते.

२०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक बंधनकारक केले, आणि पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे राज्याच्या नियमांत आले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल, ही प्रस्तावाची बाजू. विरोध झाला तो अंतरामुळे. पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची मुले रोज कशी जाणार, आणि दूरच्या शाळेत नेणारे वाहन बंद पडले तर घरी पहिल्यांदा कोण थांबणार, हे पालकांना ठाऊक होते: मुली.