सिंधूचे पांघरूण

दारूच्या इतिहासात परवाने, कायदे आणि अबकारी उत्पन्न यांच्या नोंदी भरपूर सापडतात. मोडलेल्या घरांच्या फारशा सापडत नाहीत. १८८० साली महात्मा फुल्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध पुणे नगरपालिकेला पत्र लिहिले. १९०८ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. पण गुत्त्यातून परतलेल्या माणसाच्या उंबरठ्याआड काय घडते, ते मराठी प्रेक्षकाने डोळे भरून पाहिले १९१९ साली, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते; त्याच वर्षी २३ जानेवारीस ते निवर्तले होते.

सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील. कोर्टात खटका उडून त्याची सनद काही काळ जाते आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीराम पेला पुढे करतो. तहान दारूची नव्हती, विसरण्याची होती! पुढे तो शपथ घेऊन दारू सोडतोही. पण दुर्लौकिकामुळे कोणी काम देईना. ज्या लाजेने शपथ घ्यायला लावली, तिनेच पेला पुन्हा हाती दिला. सिंधू दळणे दळून संसार ओढते. अखेर सुधाकरच्या हातून पोटचे पोर जाते; मरणाच्या दारातली सिंधू खोटे सांगून नवऱ्याला पोलिसांपासून वाचवते आणि सुधाकर दारूतच विष कालवून पितो. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी नाट्यगृहे हळहळली. पण तिने घातलेल्या पांघरुणाने सुधाकर वाचला का?

हा प्रश्न उपचाराच्या खोलीत यायला पुष्कळ वर्षे जावी लागली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. तेथे व्यसनाकडे पाप म्हणून नव्हे, आजार म्हणून पाहिले गेले. पुन्हा घसरलेल्याला दार बंद झाले नाही. आणि मुख्य म्हणजे, रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीशीही बोलणे सुरू झाले. कारण दुखणे एकाचे असले, तरी झिजते सारे घर.

सुधाकरला उपदेश करणारे पुष्कळ भेटले. लाज बाजूला ठेवून ‘मला आवरत नाही’ असे म्हणता येईल, अशी जागा मात्र भेटली नाही. सिंधूची माया खोटी नव्हती. तिला पांघरुणाखेरीज दुसरी वाट कोणी दाखवली नव्हती, इतकेच. आज ती वाट आहे. घरोघर दिवे लागलेले असताना एखाद्या घरची सिंधू दार लोटून बसली असेल, तर तिला एवढे सांगायला शेजाऱ्याने जावे.