शाहचं गॅरेज आणि पावणेतीनशे डॉलरची बुगाटी

१९५९ साली इराणच्या शाही गॅरेजमधून एक जुनी मोटार विकली गेली. किंमत आली अंदाजे २७५ अमेरिकी डॉलर. त्या वेळच्या दराने हिशेब केला तर तेराशे रुपयांच्या घरात. गाडी होती बुगाटी टाइप ५७ सी. आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाच्या मोजक्या मानाच्या गाड्यांत गणली जाते आणि तिच्या जातीच्या गाड्या लिलावात आल्या की आकडा लाखो डॉलरच्या पुढेच सुरू होतो.

जुन्या दुर्मीळ स्पोर्ट्स कारच्या बाजारात ही गोष्ट हळहळ म्हणून सांगितली जाते. ‘अरेरे, तेव्हा आपण तेहरानात असतो तर!’ या थाटात. मला मात्र त्या हळहळीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस आहे. ही गाडी तेहरानला गेली कशी, आणि तिच्यानंतर त्या गॅरेजमध्ये आलेल्या गाड्या बाहेर पडल्या त्या कोणत्या वाटेने? त्या वाटेवर अर्ध्या शतकाचा इराण उभा आहे.

मार्च १९३९. कैरोत इजिप्तचा राजा फारूक याची बहीण फौजिया हिचा निकाह इराणच्या युवराजाशी झाला. नवरी सतरा वर्षांची, नवरदेव मोहम्मद रझा एकोणीस वर्षांचा. नवरीचं घराणं सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मिसरच्या गादीवर, आणि नवरदेवाचा बाप रझा शाह पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत लष्करातला अधिकारी. नव्या तख्ताला जुन्या घराण्याची सोयरीक हवी होती. युरोपातली सरकारं या लग्नाकडे डोळे लावून होती, कारण युद्धाचे ढग जमले होते आणि इराणच्या जमिनीखाली तेल होतं.

फ्रान्सची पंचाईत तर आणखी वेगळी. लग्नाच्या काही महिने आधी रझा शाहने फ्रान्सशी राजनैतिक संबंधच तोडले होते. कारण ऐकून हसू येईल. फ्रेंच भाषेत मांजराला ‘शा’ म्हणतात आणि पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी ‘शाह’ आणि ‘शा’ यांवर कोट्या केल्या होत्या. शाहला विनोद आवडला नाही. संबंध पुन्हा जुळले, जनरल वेगां यांना फ्रान्सचे प्रतिनिधी म्हणून तेहरानच्या सोहळ्याला पाठवलं गेलं आणि फ्रेंच सरकारने युवराजाला लग्नाचा नजराणा म्हणून ही बुगाटी दिली. वर्तमानपत्रातल्या मांजराची भरपाई या मोटारीने झाली, असं मी म्हटलं तर तो माझा आगाऊपणा समजावा. पण वेळ मात्र तशीच जुळून आलेली दिसते.

गाडी खरोखर देखणी. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात मोल्सहाइम नावाचं गाव आहे, तिथे एत्तोरे बुगाटी यांचा कारखाना. टाइप ५७ ही त्यांचा मुलगा जाँ याच्या हातची गाडी. एका रांगेत आठ सिलिंडर, ३,२५७ सीसीचं इंजिन आणि ‘सी’ म्हणजे त्यावर सुपरचार्जर. सगळे प्रकार धरून टाइप ५७ सातशेच्या आसपासच बनल्या. त्या काळी महागड्या गाडीची बॉडी अनेकदा कारखान्यात होत नसे. कारखाना इंजिन आणि चेसिस देई, आणि पत्र्याचं काम वेगळे कारागीर करत. युवराजाच्या गाडीची बॉडी पॅरिसच्या व्हॅनव्हुरेन यांनी घडवली. चारही चाकं मडगार्डच्या पोटात लपलेली, आणि समोरची काच अशी की यंत्राने खाली नेऊन पूर्ण आत दडवता यावी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका रेसच्या गाडीची चाचणी घेताना जाँ बुगाटी अपघातात मेला. तीस वर्षांचा होता. कारखाना त्यातून सावरलाच नाही.

दोन वर्षांत इकडे तख्तही हललं. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये घुसल्या. सप्टेंबरमध्ये रझा शाहला गादी सोडावी लागली. त्याला बंदर अब्बासहून ज्या जहाजात बसवलं त्याचं नाव होतं ‘बांद्रा’. मुंबईत उतरू, पुढचं पुढे बघू, अशी पदच्युत शाहची कल्पना होती. पण मुंबईच्या बंदरात ब्रिटिशांनी त्याला पाय ठेवू दिला नाही. क्लेरमाँट स्क्राइन नावाचा अधिकारी जहाजावर गेला आणि मुक्काम मॉरिशसला आहे असं त्याने कळवलं. तिथून पुढे जोहान्सबर्ग, आणि १९४४ मध्ये तिथेच मृत्यू. आपल्या मुंबईच्या इतिहासात या प्रसंगाला कुणी दोन ओळीही देत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मुलगा शाह झाला. फौजियाचा जीव तेहरानात रमला नाही. ती कैरोला परतली आणि पुढे तलाक झाला. बुगाटी गॅरेजमध्ये राहिली. १९५९ मध्ये ती भंगाराच्या भावात का गेली, याचं उत्तर तसं सरळ आहे. वीस वर्षांची गाडी त्या काळी ‘व्हिंटेज’ नव्हती, नुसती जुनी होती. एत्तोरेही १९४७ मध्ये गेले होते, कारखाना शेवटच्या घटका मोजत होता, सुटे भाग मिळत नव्हते. आपल्याकडे कंपनी बंद पडलेल्या गाडीचं काय होतं हे कुठल्याही मेस्त्रीला विचारा.

युरोप-अमेरिकेतही चित्र फारसं वेगळं नव्हतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्राहकाने सुमारे तीस बुगाटी एकगठ्ठा विकल्या. त्यात ‘रोयाल’ हे अतिदुर्मीळ मॉडेलही होतं. सगळ्यांचे मिळून ८५,००० डॉलर. घेणारे होते मोल्सहाइमपासून जवळच, म्युलूझला सूतगिरण्या चालवणारे श्लुम्फ बंधू. त्यांनी चारशेहून अधिक गाड्या जमवल्या, त्यांतल्या शंभरावर बुगाटी, आणि हा सगळा संग्रह गिरणीच्या एका इमारतीत लोकांच्या नजरेआड ठेवला. १९७६ मध्ये धंदा बुडाला आणि बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये नोकऱ्या गमावलेल्या कामगारांनी इमारतीचा ताबा घेतला. आपल्या पगाराचं काय होत होतं हे त्यांनी आत रांगेने उभं असलेलं पाहिलं. त्यांनी जागेला ‘कामगारांचा कारखाना’ असं नाव दिलं आणि लोकांना आत येऊ दिलं. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय झालं. त्याच वर्षी आपल्या गिरणगावात संप सुरू झाला होता. आपल्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते लोअर परळला जाऊन पाहता येतं.

पुन्हा तेहरान. ज्या वर्षी बुगाटी गेली त्याच वर्षी शाहसाठी नवी गाडी तयार झाली. मधल्या काळात बरंच काही घडलं होतं. १९५१ मध्ये मोहम्मद मुसद्दिक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर संस्थांनी मदत करून त्यांचं सरकार उलथवलं. काही दिवस रोमला पळालेला शाह परत आला. पुढच्याच वर्षी परदेशी कंपन्यांच्या गटाशी करार झाला आणि नफ्यातला निम्मा वाटा इराणला मिळू लागला. १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. तिच्या कोठड्यांत काय चालत असे ते पुढे जगाला कळलं.

त्याच वर्षाअखेरी व्हेनेझुएलाच्या कराकसमधल्या शर्यतीत इटलीच्या मासेराती कंपनीच्या गाड्यांचा चुराडा झाला. कंपनीने स्वतःचा रेसिंग संघ गुंडाळला. ४५० एस या रेसच्या गाडीची भलीमोठी व्ही-८ इंजिनं हातात उरली. शाहला मासेरातीची ३५०० जीटी आवडली होती, पण त्याला तिच्यात ते रेसचं इंजिन हवं होतं. जुलिओ अल्फिएरी या अभियंत्याने ते बसवून दाखवलं. ही ५००० जीटी. पहिल्या गाडीची बॉडी मिलानच्या टूरिंगने केली आणि ‘शाह ऑफ पर्शिया’ हेच तिचं नाव पडलं. अशा एकूण ३४ बनल्या. राजे, उद्योगपती यांनी एकेक घेतली.

मग आली लॅम्बोर्गिनी. १९७१ हे वर्ष इराणी लोक विसरलेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये शाहने पर्सेपोलिसच्या अवशेषांपाशी राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा सोहळा केला. तंबू फ्रान्सचे, स्वयंपाक पॅरिसच्या मॅक्झिम्सचा. त्याच साली त्याच्यासाठी लॅम्बोर्गिनी मिउरा एसव्हीजे तयार झाली. मुळात कंपनीचा चाचणी-चालक बॉब वॉलेस याने ‘जोटा’ नावाची एकच हलकी, बेफाम मिउरा बनवली होती. ती अपघातात जळाली. तिच्यासारखी हवी म्हणणाऱ्या अगदी मोजक्या गिऱ्हाइकांना कंपनीने एसव्हीजे करून दिली. शाह त्यांतला पहिल्या रांगेतला. स्वित्झर्लंडच्या सेंट मोरिट्झला तो हिवाळ्यात जायचा, तिथे ही गाडी असे. नंतर ती इराणला आली.

१६ जानेवारी १९७९ ला शाहने देश सोडला. १ फेब्रुवारीला आयतुल्ला खोमेनी पॅरिसहून उतरले आणि विमानतळावरून बेहेश्ते-जहरा कब्रस्तानाकडे निघाले ते शेवर्ले ब्लेझर या अमेरिकन गाडीतून. गाडी चालवत होता मोहसिन रफिकदोस्त. पहलवी घराण्याची मिल्कत जप्त होऊन ‘बुनियादे-मुस्तझअफीन’, म्हणजे पिचलेल्यांच्या प्रतिष्ठानाकडे गेली. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्या प्रतिष्ठानाच्या प्रमुखपदी बसला तोच रफिकदोस्त. क्रांतीच्या गाडीचा चालक शाहच्या गॅरेजचाही कारभारी झाला. पिचलेल्यांच्या नावाने सुरू झालेली ही संस्था देशातल्या सगळ्यात बलाढ्य आर्थिक संस्थांपैकी एक बनली, आणि तिचा हिशेब कोण तपासणार हा प्रश्न इराणमध्येच विचारला गेला. शाही गाड्यांतल्या बऱ्याचशा पुढे इराणमध्येच संग्रहालयात ठेवल्या गेल्या. काही बाहेर पडल्या.

मिउरा बाहेर पडलेल्यांतली. १९९७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात हॉलिवूडचा अभिनेता निकोलस केज याने ती ४,९०,००० डॉलरना घेतली. पावणेदोन कोटी रुपये त्या वेळचे. मिउराला त्यापूर्वी लिलावात कधी एवढी किंमत आली नव्हती.

इथे या बाजाराची एक गंमत सांगायला हवी. आपण जुनी गाडी घेताना आरसी बुक बघतो, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळतो का ते पाहतो, आणि आधीचा मालक एकच असेल तर दोन पैसे जास्त देतो. कोट्यवधींच्या गाडीतही हेच असतं, फक्त आधीच्या मालकाला भाव असतो. जोटा जळाल्यावर लोकांनी साध्या मिउरा कापून, नवे दिवे-मडगार्ड लावून एसव्हीजे बनवल्या. काही कामं इतकी सफाईदार की डोळ्याला फरक कळू नये. अशा वेळी खरं-खोटं ठरवतो कागद. कारखान्याची नोंद, पहिल्या मालकाचं नाव, मग पुढचा, मग त्यापुढचा. दख्खनच्या वतनांच्या तंट्यांत हेच चालायचं. खोट्या सनदा तेव्हाही बनत, आणि पंचांना शिक्का, अक्षर, कागद सगळं तपासावं लागे. शाहच्या गाडीचा कागद मात्र पक्का. तख्त गेलं, देश गेला, त्यामुळे तर तो अधिकच पक्का झाला. क्रांती झाली नसती तर ती एका श्रीमंत माणसाची जुनी गाडी असती. जप्तीने तिची किंमत वाढवली.

आणि त्या साखळीत शाहचं नाव येतं तेव्हा एक शोभेची वस्तू म्हणून येतं. शौकीन राजा, वेगाची आवड, सेंट मोरिट्झचा बर्फ. मुसद्दिक येत नाहीत, सावाक येत नाही. इराणी क्रांतीचं पुढे काय झालं, तिने आपल्याच माणसांना कसं गिळलं, यावर मी पूर्वी लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. पण म्हणून शाहचा काळ म्हणजे सुंदर गाड्यांचा काळ, असं जे चित्र हल्ली समाजमाध्यमांवर फिरतं ते पाहून मला बुगाटीची ती काच आठवते. खाली नेली की समोरची काच दिसेनाशी होते.

सामान्य इराणी माणसाची गाडी वेगळीच होती. १९६७ पासून तेहरानात ‘पेकान’ बनू लागली. मूळ इंग्लंडची हिलमन हंटर, नाव फारसी, अर्थ बाण. टॅक्सीवाला, शिक्षक, दुकानदार, सगळ्यांची हीच. १९७४ मध्ये शाहने एक पेकान रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याला भेट दिली. पुढे एक कैरोच्या अल-रिफाई मशिदीत दफन झाला आणि दुसऱ्याला १९८९ च्या नाताळात गोळ्या घातल्या गेल्या. ती पेकान मे २०२१ मध्ये बुखारेस्टला लिलावात आली. बोली चार हजार युरोपासून सुरू झाली आणि ९५,००० वर थांबली.