पंच हौदाचे पवित्र नाम देवालय

पुण्यात ख्रिस्ती मंदिर पाहावयाचे म्हणजे लष्करात जावयाचे, असा जुना समज होता. आणि तो निराधारही नव्हता. लष्करातील सेंट मेरीज चर्चचा अर्पणविधी बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते १८२५ साली झाला, तेव्हा पेशवाई जाऊन अवघी सात वर्षे लोटली होती. ते मंदिर गोऱ्या पलटणींचे; पेठांशी त्याचा संबंध नव्हता. साठ वर्षांनी, १८८५ साली, पवित्र नाम देवालय उभे राहिले ते मात्र लष्कर सोडून थेट गुरुवार पेठेत. ही पेठ मूळची वेताळ पेठ. तेथील पाण्याच्या पाच हौदांवरून जागेचे नाव पडले पंच हौद, आणि मिशनही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

इंग्लंडातील काउलीच्या संघाचे धर्मगुरू आणि वाँटेज येथील भगिनी यांचे हे कार्यक्षेत्र. पुण्यातील याच भगिनींशी पंडिता रमाबाईंचा परिचय झाला आणि १८८३ साली त्या वाँटेजला गेल्या. काशीचे शास्त्री, पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठ उर्फ नेहेम्या गोरे यांचाही काउलीच्या संघाशी निकट संबंध होता.

हिंदुस्थानात देवालय बांधताना इंग्रजांचा ओढा सहसा गॉथिक पद्धतीकडे असे. मुंबईचे कुलाब्यातील अफगाण चर्च पाहावे : टोकदार कमानी आणि आभाळात घुसणारा निमुळता कळस. पंच हौदाने निराळी वाट धरली. येथे इटलीतील प्राचीन ‘बासिलिका’ हा आदर्श आहे. मधोमध लांबट सभामंडप, दोन्ही अंगांना स्तंभांची रांग, त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी आणि समोर वेदी. टोकदार कमान दृष्टीला वर ओढते. गोल कमान तिला पुढे, वेदीकडे नेते. देवळातल्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाणाऱ्या मराठी माणसाला ही रचना तितकीशी परकी वाटू नये.

शेजारचा मनोरा सुमारे १३० फूट उंच आहे. त्यातील आठ घंटा इंग्लंडातील लफबरो गावच्या टेलर यांच्या कारखान्यात १८९३ साली ओतल्या गेल्या. त्यांच्या वादनाची इंग्रजी रीत मोठी मौजेची. प्रत्येक घंटा चाकाला जोडलेली, प्रत्येकीचा दोर निराळ्या वादकाच्या हाती. सुरावट वाजवावयाची नसते, क्रम बदलत न्यावयाचा असतो. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात! चौघड्याला सरावलेल्या पेठेला हे गणित ऐकून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मात्र घंटा येण्यापूर्वीच पंच हौदाचे नाव महाराष्ट्रात दुमदुमले होते, आणि तेही एका चहाच्या पेल्यामुळे. ४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दिला. रानड्यांनी १८९२ साली, स्नेह्यांच्या अडचणी पाहून, प्रायश्चित्त घेतले. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावला. त्या सायंकाळी धर्मांतराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता शेजाऱ्याच्या घरच्या पाण्याचा. आणि तो उभा राहिला हौदांचे नाव लागलेल्या जागी! लष्करातल्या चर्चने हा पेच पुण्यापुढे कधी टाकला नसता. तेथे जाणे न जाणे माणसाच्या हाती होते. पंच हौद दारातच होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत चर्चची स्थापना झाली. पवित्र नाम देवालय आता त्या चर्चचे आहे, आणि तेथील उपासना मराठीत होते.