जात्यावरची ओवी आणि देवळातले गीत

गोदावरीच्या काठचे आपले गंगाखेड म्हटले की जनाबाई आठवते. दमा आणि करुंड यांची ही लेक पंढरपुरास नामदेवांच्या घरी राबली. तिच्या नावावर साडेतीनशेंच्या आसपास अभंग आहेत. दळता, कांडता, शेण वेचता तिने विठ्ठलाला हाक मारली, आणि विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायला आला, असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या.

तुम्ही म्हणाल, जनाबाईचा आणि ख्रिस्ती देवळात मुलांना शिकवायच्या गीतांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चालीचा आहे. मूल गाणे शिकते ते पुस्तकातून नव्हे, कानातून. जाते फिरू लागले की आई एक ओळ म्हणते, शेजारची दुसरी ओळ जोडते, आणि मांडीवर डोके ठेवून पडलेल्या पोराला ती ओवी नकळत पाठ होते. भजनातही तोच प्रकार. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी उचलायचे. ज्या घरात अक्षर पोचले नव्हते, त्या घरात धर्म, नीती आणि भाषा या वाटेने पोचली.

ही गोष्ट फार पूर्वी गोव्यात एका इंग्रज पाद्र्याच्या ध्यानात आली होती. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. साष्टी प्रांतात रविवारी मुलांना धर्मपाठ शिकवणे चालले असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारले की, आमची जुनी पुराणे सुटली, मग आमच्या भाषेत आम्हाला नवे पुराण का देत नाही? 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच हा प्रसंग आहे. हा ग्रंथ १६१६ साली छापला गेला. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. लोक तो देवळात आणि घरी गाऊ लागले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की, लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्तपुराणाच्या त्या काळच्या छापील प्रती आज कोठेच सापडत नाहीत. तरी ग्रंथ मेला नाही! लोकांनी हाताने नकला करून तो जपला, आणि त्या नकलांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. हुकूम दरबारात चालतो, घरातल्या गळ्यावर त्याचा अंमल पुरा बसत नाही.

आपल्या बाजूला मिशनरी आले ते एकोणिसाव्या शतकात. त्यांनी इंग्रजी गीते मराठीत उतरवली आणि इंग्रजी चालींवरच बसवली. शब्द मराठी, पण चाल परकी. मुलांनी ती देवळात म्हटली, तरी घरी दळताना आईच्या ओठी ती कशी यावी? ही उणीव अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ओळखली आणि देशी चालींत गीते रचली.

त्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेतल्या गुरुजींना ते ठाऊकच आहेत. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणून धर्म बदलला तरी त्यांनी अभंग सोडला नाही. वारकरी विठोबाला माउली म्हणतो. टिळकांनी ख्रिस्तालाही माउली म्हटले. मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात त्यांची दोनशेंच्या वर गीते गेली. पेटी असो नसो, टाळ असले म्हणजे झाले. पोरे बसल्या जागी सूर धरीत.

टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभले, पण दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ साली ते वारले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. या बाईंना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. लिहिणे-वाचणे लग्नानंतरचे, पण ओवी कानात आधीपासून होती. ज्या शिदोरीवर जनाबाई अभंग बोलली, तीच शिदोरी इथेही कामी आली.

देव निराळा, देऊळ निराळे, म्हणून कोणी कोणाचे झाले असे नाही. जनाबाईचा विठ्ठल तिचा आणि टिळकांचा ख्रिस्त त्यांचा. पण धर्म बदलल्यावर माणसाला आपली माय-भाषाही टाकावी लागते काय, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर या गीतांनी दिले. ख्रिस्ती घरातले पोर अभंगाच्या चालीवर प्रार्थना म्हणू लागले, तेव्हा ते शेजारच्या पोराला परके राहिले नाही.

आता गावोगाव गिरण्या झाल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. देवळातली तास-दोन तासांची शिकवणी घरातल्या रोजच्या गळ्याची जागा कशी घेणार? म्हणून मायबहिणींनो, गुरुजींनो, कोणत्याही धर्माचे गीत असो, मुलाला ते आधी ऐकवा. आपल्या चालीत, आपल्या तोंडाने ऐकवा. अर्थ मागाहून सांगता येईल. चाल मात्र लहानपणीच कानात पडावी लागते.