न विचारलेले दुखणे

कामगार संघटनेच्या माणसाने स्त्रियांच्या आजारांवरील संशोधनाविषयी बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर. पण डॉ. राणी बंग यांच्या कार्याचा मागोवा घेताना प्रथम आम्हांला भेटला तो मजुरीचा हिशेब. गडचिरोलीस जाण्यापूर्वी त्यांचे पती डॉ. अभय बंग यांनी सरकारने ठरविलेली शेतमजुरांची ४ रुपये रोजी तपासली. राबणाऱ्या देहाला किती अन्न लागते हे मोजून ती १२ रुपये असायला हवी, असे त्यांनी दाखवून दिले. जे कोणी मोजीत नाही ते मोजायचे, ही या दांपत्याची रीत तेव्हापासूनची.

राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरला त्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, आणि १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतल्या. १९८६ पासून त्यांनी गडचिरोलीत ठाण मांडले. हा जिल्हाच मुळी १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा काढलेला. जंगलाचा, भाताचा, गोंडांचा मुलूख.

वैद्यकाचा विद्यार्थी शिकतो तो इस्पितळात. दाराशी चालत आलेले दुखणे त्याला दिसते. जे घरीच राहिले, ते पुस्तकातही येत नाही. आणि सरकारदरबारी खेड्यातल्या बाईची नोंद त्या काळी दोनच ठिकाणी असे : एक तर गरोदर म्हणून, नाही तर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यात. दोन्ही सोडून उरलेल्या आयुष्यात तिला काय होते, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

राणीताई आणि त्यांचे सहकारी तो प्रश्न घेऊन दोन खेड्यांत गेले. दुखणे सांगणाऱ्या बायाच तेवढ्या तपासायच्या नाहीत, न सांगणाऱ्याही तपासायच्या, हे त्या अभ्यासाचे मर्म. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ५५ टक्के स्त्रियांची काही ना काही तक्रार होती. ४५ टक्के स्त्रियांची काहीच नव्हती. प्रत्यक्षात ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग वा लैंगिक रोग निघाला. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ रोग. निम्मे दुखणे जंतुसंसर्गाचे. आणि आजवर अशी तपासणी व उपचार मिळाले होते अवघ्या ८ टक्क्यांना!

आता आमचा साधा हिशेब पाहा. तक्रार करणारी प्रत्येक बाई आजारी होती असे धरले, तरी शंभरातल्या किमान ३७ बाया अशा उरतात, की ज्यांना रोग होता आणि तोंडातून शब्द नव्हता. 'आमच्याकडे कोणाची तक्रार नाही,' हे वाक्य वाटाघाटीच्या टेबलापलीकडून आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. ते किती पोकळ असते, याचा इतका चोख पुरावा आमच्या कुठल्याही मागणीपत्राला जोडता आला नसता.

दोन खेडी म्हणजे देश नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण संशोधकांनी आपल्या आकड्यांना ताणले नाही. संततिनियमनाची साधने वापरणाऱ्या स्त्रियांत रोगाचे प्रमाण अधिक दिसले. त्यावर गहजब करणे सोपे होते. त्यांनी मात्र लिहिले, की या कारणाने एकूण दुखण्याचा थोडाच भाग उलगडतो. मागणी त्यांनी एकच केली : गावपातळीवरच्या प्राथमिक आरोग्यसेवेत या आजारांच्या उपचारांनाही जागा हवी. पुढे १९९४ साली कैरोच्या जागतिक परिषदेने 'प्रजनन आरोग्य' हा विषय ऐरणीवर आणला, आणि १९९६ साली आपल्या सरकारने कुटुंबनियोजनाची ठरावीक उद्दिष्टे लादण्याची पद्धत सोडली. हे एका अभ्यासाचे फळ असे आम्ही म्हणणार नाही. अनेक देशांतल्या स्त्रिया त्यासाठी झगडत होत्या.

गडचिरोलीत काम पुढे सरकले ते शिकविण्याच्या वाटेने. दाया शिकल्या, गावोगावच्या बाया नवजात बाळाची निगा शिकल्या, वेळ पडली तर जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्यापर्यंत. अशा ३९ गावांची ४७ इतर गावांशी तुलना करून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. इंजेक्शन देणाऱ्या या बायांचे शिक्षण होते पाच ते दहा इयत्तांचे.