म्हातारा मालक आणि कराचा हिशेब

नोकरदाराचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. मालकाची वाढती दौलत मात्र विकेपर्यंत कराच्या बाहेर राहते. अमेरिकेतील खेळांच्या संघांचा इतिहास पाहा.

राल्फ विल्सन यांनी 1959 साली 25 हजार डॉलर भरून बफेलो शहराचा फुटबॉल संघ काढला. (फुटबॉल तिकडचा, अंडाकृती चेंडूचा.) पुढे संघाची किंमत कोट्यवधींवर गेली. जिवंतपणी विकला असता तर जवळजवळ सारी रक्कम नफा ठरून तीवर कर बसला असता. मालक वारला की तिथला कायदा खरेदीची जुनी किंमत पुसतो आणि मरणदिवशीची धरतो. आयुष्यभराचा नफा कागदावरून नाहीसा! विल्सन यांनी अखेरपर्यंत संघ विकला नाही. 2014 साली, 95 व्या वर्षी, ते वारले. त्याच वर्षी संघ 140 कोटी डॉलरना गेला.

पण मरणावरही कर आहेच. मायामीच्या संघाचे मालक जो रॉबी 1990 साली गेले. वारसांवर सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलरचा बोजा आला आणि 1994 साली संघ घराबाहेर गेला. विल्सन यांचा बहुतेक पैसा त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे वळला; धर्मादायाला दिलेल्यावर हा कर नाही.

या हिशेबात बफेलोचा प्रेक्षक कुठे होता? म्हातारा गेला की संघही शहरातून जाईल, ही धास्ती त्याने वर्षानुवर्षे वागवली. सुदैवाने 2013 च्या मैदानाच्या भाडेकरारात, संघ हलवल्यास 40 कोटी डॉलर दंड, असे सरकारने लिहून घेतले होते. नव्या मालकाने संघ तिथेच ठेवला.